नख नव्हे, पेर

कराड, जि. सातारा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सांगलीतल्या त्या बंगल्याच्या गच्चीवर जाळीत ठेवलेल्या आफ्रिकन सर्व्हल या रानमांजराची पुढची नखे काढून द्यावीत म्हणून मालक तुझ्या मागे लागला आहे. तू नकार दिलास तर तो दुसऱ्या कोणाकडून तरी ते करून घेईल, आणि तो दुसरा भूल नीट देईल की नाही, याची तुला धास्ती वाटते. म्हणून तू विचारतेस, ‘काका, त्यापेक्षा मीच व्यवस्थित केले तर?’ हाच प्रश्न १९८६ साली मी स्वतःला विचारला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर दिले होते.

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकलेल्या मुलीला हे सांगावे लागू नये, तरी सांगतो, कारण पत्रात तू जागोजागी ‘नखे काढणे’ असेच लिहिले आहेस. मांजरकुळात नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते, आणि ते पुन्हा उगवू नये असे वाटत असेल तर ते हाडच सांध्यातून तोडावे लागते. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा हाडे होतात. आपल्याकडे उसालाही पेर असते आणि बोटालाही, म्हणून ऊस तोडणाऱ्यालासुद्धा हे एका शब्दात कळेल. यापुढे मला लिहिताना ‘नख’ लिहू नकोस, ‘पेर’ लिही. मग तुझा निम्मा गोंधळ लिहितानाच सुटेल.

आपला सांगली जिल्हा सर्कशीचा. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस उभी केली, पुढे म्हैसाळच्या देवलांची निघाली, तासगावनेही कितीतरी तंबू गावोगाव पाठवले. त्यामुळे सर्कशीच्या जनावराला हात लावायला मिळणे आम्हां तरुण डॉक्टरांना मानाचे वाटे. बाहेरून आलेल्या एका सर्कशीने सिंहाचा आठ महिन्यांचा छावा माझ्याकडे आणला. प्रेक्षकांना त्याच्यासोबत फोटो काढू द्यायचे होते. मी नाही म्हटले असते तर कोणी अर्धशिक्षित माणसाने पक्कड लावली असती, असे मी मनाला समजावले आणि ब्लेड हातात घेतले. एनॅमलच्या ट्रेमध्ये मी दहाही तुकडे मोजण्यासाठी ओळीने लावले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी मक्याच्या दाण्याएवढे पांढरे हाड दिसत होते. शुद्धीवर आल्यावर छावा उठला, एक पंजा टेकला आणि उचलला, दुसरा टेकला आणि तोही उचलला, आणि मग कोपरांवर बसून राहिला. तंबूतला लाकडाचा भुसा त्याच्या पंजांवर बांधलेल्या पट्ट्यांना चिकटला होता, आणि तो भुसा चाटत होता.

दोन वर्षांनी ती सर्कस मिरजेला आली तेव्हा मी तिकीट काढून गेलो. तो सिंह पुढची मनगटे जमिनीला टेकवून चालत होता. माझे टाके चांगले होते, जखम चिघळली नव्हती, हाडाचा एकही कण मागे राहिला नव्हता. हे मी आजही सांगतो आणि तुला ते ऐकावेच लागेल. त्या काळी पुस्तकात ही शस्त्रक्रिया इतर शस्त्रक्रियांसारखीच दिलेली होती, ती करू नये असे कोणी शिकवले नव्हते. पण चांगल्या हाताने केलेल्या कामाचेही फळ तेच आले, कारण बोट वाकवणारा स्नायुबंध ज्या हाडाला धरून असतो तेच हाड काढल्यावर तो मागे सरकतो. मांजर बोटांवर चालते, आणि जनावर जितके जड तितका उरलेल्या थोटकावर भार अधिक. मालक लेझरचे सांगतो ना? लेझरनेही पेरच कापले जाते. मुलांच्या सुरक्षिततेचे सांगतो? दात तसेच राहतात, आणि पंजा दुखणारे जनावर आधी दातच वापरते.

आता कायद्याचे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००४ साली वन्य आणि विदेशी मांजरांवरील ही शस्त्रक्रिया नाव घेऊन बंद केली. २००६ साली अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने, त्या अवयवाला आजार असल्याशिवाय हा योग्य पशुवैद्यकीय उपचार ठरत नाही, असे सांगितले. डॉ. जेनिफर कॉनराड यांनी तर अशा वाघसिंहांचे सुटलेले स्नायुबंध पुन्हा जोडण्यात वर्षे घालवली. आपल्याकडे वाघ, सिंह, बिबट्या यांच्या खेळांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या शरीराचा भाग काढणेही शिकारीच्या व्याख्येत येते, म्हणून उसात सापडलेल्या बिबट्याच्या पिलाला कोणी हात लावला तर तुरुंग आहे. सर्व्हल मात्र परदेशी. २०२२ च्या दुरुस्तीने त्याची नोंदणी सक्तीची झाली, पण त्याच्या पंजासाठी उरतो तो १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा, ज्यात जनावराला अपंग करण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. पन्नास रुपये! त्याच कलमात बैल खच्ची करणे, शिंगे काढणे, वेसण घालणे यांना नाव घेऊन सूट दिली आहे. सूट नाव घेऊन देता येते, तर बंदीही नाव घेऊनच घातली पाहिजे. आज नकार देणे तुझ्या एकटीच्या हिमतीवर सोडलेले आहे, आणि १९८६ साली माझी हिमत कमी पडली.

‘दुसरा करेल’ हे पुन्हा लिहू नकोस, मला ते वाचवत नाही. पेर तू कापायचे नाहीस. मालकाला नकार लेखी दे, त्यात ‘पेर’ हाच शब्द घाल, नोंदणीचा कागद माग, आणि तो नसेल तर वन विभागाला कळव. जाळीत बाभळीचा जाड ओंडका उभा करायला सांग, म्हणजे सर्व्हल नखे त्यावर घासेल आणि गादी फाटायची थांबेल. बंदीचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. रविवारी कराडला ये आणि वाचून बघ. १९८६ साली मी काय केले ते त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. तुझ्या सहीसाठी खाली जागा ठेवली आहे.

तुझा काका