विचारा सिस्टरला : फरशीवरचं रक्त आणि विळीनं कापलेलं बोट

प्रश्न : सिस्टर, मी एका हायस्कूलमध्ये सेविका आहे. वय ४६. गेल्या महिन्यात आठवीतला मुलगा कबड्डी खेळताना पडला आणि त्याची हनुवटी फुटली. ऑफिसात आणेपर्यंत व्हरांडाभर रक्त सांडलं. मी फडक्यानं पुसलं, पिळून पुन्हा पुसलं, वर फिनाइल टाकलं. आदल्या दिवशी विळीनं माझं बोट कापलं होतं, ते घरी गेल्यावर आठवलं. हेडसर म्हणाले, "काही होत नाही हो मावशी." एक मॅडम मात्र कानात म्हणाल्या, त्या पोराच्या घरात कुणाला तरी "तो" आजार आहे, जरा लांबच राहा. तेव्हापासून झोप नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या झोपेचं बघू. धडधाकट कातडीवर रक्त पडलं तर एचआयव्हीसारखे रक्तातून पसरणारे आजार आत शिरत नाहीत. कापलेल्या जागेतून शिरू शकतात, पण एक दिवस जुनी चीर आणि ओलं फडकं म्हणजे धोका कमीच. हिशेब सांगते. एचआयव्हीबाधित माणसाच्या रक्तानं माखलेली सुई थेट टोचली, तरी हजारात साधारण तिघांना लागण होते. तुम्हाला तर सुई टोचलेली नाही.

मला टोचली होती. १९९१ साल, रात्रपाळी, वापरलेल्या सुईला टोपण घालायला गेले आणि अंगठ्यातच घुसवली. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पिळ चांगलं, घाण रक्त जाऊ दे." पिळ पिळ पिळलं. आज सांगते, पिळायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बस. डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्यानं धुवायचं. आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आतच उपयोगी पडतात, पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, आणि त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. तुमची ती मुदत गेली, म्हणून आता तपासणी करायची. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात ती फुकट होते आणि गुप्त राहते. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी या रक्तातून पसरणाऱ्या काविळींचीही करून घ्या. पुन्हा कधी यायचं ते तिथले डॉक्टर सांगतील. काही विचारावंसं वाटलं तर १०९७ हा फोन मोफत आहे.

माझी खरी काळजी हिपॅटायटिस बीची आहे, ज्याचं नाव तुमच्या पत्रात कुठंच नाही. लस न घेतलेल्या माणसाला या आजाराची सुई टोचली तर शंभरात तिसांपर्यंत लागण होऊ शकते. सांडलेलं रक्त वाळून डाग पडला तरी त्यात हा विषाणू सात दिवस तग धरतो. याला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात आणि गळ्यात काड्यांची माळ घालतात. माळ लांबली की कावीळ उतरली म्हणायचं! काड्या वाळल्या की दोरा सैल पडतो, दुसरं काही नाही.

यावर लस आहे. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. देशभरच्या बाळांना ही लस २०११ पासून सरकारी कार्यक्रमात मिळते, म्हणजे तुमच्या शाळेतल्या बऱ्याच पोरांनी ती घेतलेली असणार. त्यांचं रक्त पुसणाऱ्या तुम्ही मात्र राहिलात. मीही राहिले होते. परदेशी लस पगारात बसत नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस आणली, त्याच्या पुढच्या वर्षी मी घेतली. तपासणीत आजार निघाला नाही तर तुम्ही लगेच सुरू करा, आणि पैसे शाळेनं द्यावेत असा अर्ज हेडसरांकडे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. हिपॅटायटिस सीला लस नाही, पण औषधानं तो बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

आता फरशी. फिनाइलचा वास आला की आपल्याला स्वच्छ वाटतं, पण रक्तासाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. आधी हातमोजे. नसतील तर दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवा, मीही खेड्यातल्या शाळांत तेच केलं आहे. रक्तावर जुना पेपर टाका, त्यावर एक भाग बाटलीतलं पातळ ब्लीच आणि नऊ भाग पाणी मिसळून ओता. दहा मिनिटं कुणाला तिथून जाऊ देऊ नका. मग सगळं गोळा करून दुहेरी पिशवीत बांधा आणि ती जागा पुन्हा त्याच पाण्यानं पुसा. मोजे उलटे करत काढा, हात साबणानं धुवा. फडकं पिळायचं नाही, टाकून द्यायचं. ब्लीचचं पाणी रोज ताजं करा, आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडशी ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. फुटलेली काच सुपलीत घ्या, हातानं नको. आणि रक्त वाहणाऱ्या पोराला आधी स्वतःच घडी केलेला रुमाल दाबून धरायला सांगा. तेवढ्यात तुमचे मोजे चढतात.

राहिल्या त्या मॅडम. कुणाच्या रक्तात काय आहे ते तोंडाकडे बघून मलाही कळत नाही, आणि मी पस्तीस वर्षं नोकरी केली. म्हणून प्रत्येकाचं रक्त एकाच पद्धतीनं पुसायचं, हेडसरांचंसुद्धा. त्या पोराला लांब ठेवून तुमचा धोका रतीभरही कमी होत नाही. एका डब्यात खाल्ल्यानं, घामानं, मिठी मारल्यानं एचआयव्ही होत नाही. शिवाय २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजारावरून मुलाला शाळेत वेगळं वागवायला त्यात मनाई आहे. मॅडमना हे पान दाखवा.

प्रश्न : आमच्या पाचवीच्या वर्गातली मुलगी मधल्या सुट्टीत इन्सुलिन घेते. वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात जाते. झाडणाऱ्या मामांनी तक्रार केली. (एक वर्गशिक्षक)

उत्तर : मामांचं बरोबर आहे सर. ब्लीचची किंवा शांपूची रिकामी, जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली मुलीच्या हाताशी ठेवा. सुई टोचून झाली की थेट बाटलीत टाकायची. तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून पालकांकरवी त्यांच्या डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात पोहोचवा. नेण्याआधी तिथं विचारून घ्या. बाटलीवर मोठ्या अक्षरात "सुया – हात घालू नये" एवढंच लिहा. मुलीचं नाव नको.