रियाज होतो, पण सुचत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहा वर्षं शास्त्रीय गायन शिकते आहे. वीसेक राग येतात. पण बसवून घेतलेले आलाप संपले, की पाच मिनिटांत तेच तेच येऊ लागतं. स्वतःचं काही सुचण्यासाठी काय करावं?
(वाचक, फोंडा)

उत्तर : वीस राग तूर्त बाजूला ठेवा. तीन महिने एकटा भूप घ्या. सोपा म्हणून नव्हे, तर त्याचे पाचच स्वर देशकारातही आहेत म्हणून. सा, रे, ग, प, ध हेच स्वर घेऊन भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. राग स्वरांच्या यादीत नसतो, थांबण्याच्या जागांत असतो, हे या जोडीइतकं स्पष्ट दुसरीकडे कळत नाही.

तानपुरा पंचमात लावा. पहिली पंधरा मिनिटं मंद्र धैवत, सा, रे आणि ग एवढ्यातच फिरा. पंचमाला हात लावायचा नाही. एक स्वरवाक्य झालं, की तानपुऱ्याची दोन आवर्तनं गप्प राहा आणि मग दुसरं म्हणा. एक वाक्य गंधारावरून सुरू करा, पुढचं मंद्र धैवतावरून, त्यानंतरचं रिषभावरून. बहुतेकांचे आलाप एकसुरी होतात, कारण प्रत्येक वाक्य षड्जावरून निघतं आणि साधारण तेवढ्याच लांबीचं असतं. सुचत नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा एवढंच बिघडलेलं असतं. दुसरी खोड म्हणजे तार षड्ज गाठायची घाई. तिथे पोहोचल्यावर मागे काही शिल्लक राहत नाही.

दुसऱ्या आठवड्यात वही घ्या. रे, ग, प, ध हे चार स्वर प्रत्येकी एकदा घेऊन २४ क्रम होतात, ते सगळे लिहा. (तीन स्वरांचे ६, पाचांचे १२०. हा खंडमेरूचा, म्हणजे स्वरांचे क्रम मोजण्याचा हिशेब संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात मांडून ठेवला आहे.) २४ पैकी ६ क्रम धैवतावर संपतात. त्यांवर रेंगाळलात, की देशकार डोकावतो. ते टाकून देऊ नका. धैवताला नुसता स्पर्श करून पंचमावरून गंधारावर उतरा आणि भूप परत येतो का ते ऐका. उरलेले क्रमही गाऊन बघा आणि कानाला पटतील त्यांवर खूण करा. मात्र हे क्रम पलट्यांसारखे ओळीने म्हणत सुटलात, तर फक्त गळा तयार होईल. वाक्य कुठे थांबवायचं, हा निर्णय दर वेळी घ्यायचा आहे.

मग बंदिश. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा, परत परत येणारा तुकडा) उठणारी मध्यलय त्रितालातली एखादी चीज घ्या. तालयंत्र मिनिटाला ८० मात्रांवर ठेवा. सोळा मात्रांचं आवर्तन १२ सेकंदांचं होतं. समेपासून (पहिल्या मात्रेपासून) खालीपर्यंत तुमच्या हातात ८ मात्रा, म्हणजे ६ सेकंद. आठवडाभर एवढीच जागा भरा. एक वाक्य, की लगेच मुखडा. ते जमलं की पुढचं अख्खं आवर्तन जोडून २४ मात्रा भरा. मुखडा चुकतो तो बहुधा लय कच्ची म्हणून नाही, वाक्य लांबलं म्हणून. वाक्य छोटं करा, लय वाढवू नका.

फोनवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका आणि पुनरावृत्ती होते ते मिनिट-सेकंद वहीत टिपा. त्याच जागा पुन्हा पुन्हा निघतात. पुढच्या बैठकीत त्या वाक्यांना बंदी.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो. नोटेशन लिहिलेलं असलं तर वाजतं. बुवांनी अभंगात ऐनवेळी काही वेगळं घेतलं, की हात थांबतो.
(वाचक, पेडणे)

उत्तर : तुमचा हात डोळ्यांच्या मागून चालतो आहे, तो कानामागून चालायला हवा. रोज एका अभंगाची फक्त पहिली ओळ घ्या. ऐका, गा, मग सरगमीत गा, आणि शेवटी पेटीवर काढा. क्रम बदलायचा नाही. सरगम तोंडी येण्याआधी पट्ट्या शोधू लागलात, तर ती ओळ बोटांना पाठ होते, कानाला नाही, आणि गाण्याची पट्टी बदलली की हरवते. ओळ दोन पट्ट्यांत काढता आली तरच ती आली समजा, उदाहरणार्थ काळी एक आणि पांढरी चार. फोनवर गती पाऊणपट करून ऐकायला हरकत नाही.

गाताना मात्र तानपुराच लावा. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. कान पेटीवरच घडला, तर तोच खरा वाटू लागतो. आणि साथीत बुवांची प्रत्येक हरकत लगेच उचलायची सक्ती नाही. त्यांचं वाक्य संपेपर्यंत षड्ज किंवा पंचम धरून राहा, मग फक्त त्याचं शेपूट वाजवा. सप्ताहात प्रहरामागून प्रहर बसायचं असतं, तेव्हा ही सवय जीव वाचवते.

प्रश्न : चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवतो. तिहाई (एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) घेतो, पण कधी समेवर येते, कधी नाही. अंदाजाने चाललं आहे.
(वाचक, डिचोली)

उत्तर : तालाच्या हिशेबासाठी प्रसिद्ध असलेल्या लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांच्या गोव्यात अंदाज चालायचा नाही! हिशेब छोटा आहे. समेवरून उठून पुढच्या समेवर यायचं, तर तालाच्या मात्रांत एक मिळवा. तेवढ्यात बोलाची लांबी तीनदा आणि मधली विश्रांती दोनदा बसली पाहिजे. केरव्यात ८ अधिक १, म्हणजे ९ : तीन मात्रांचा बोल तीनदा, विश्रांती नाही. रूपकात ८ : दोन मात्रांचा बोल, एक मात्रा विश्रांती. झपतालात ११ : तीनचा बोल, एकची विश्रांती. त्रितालात १७ : पाचचा बोल, एकची विश्रांती.

चूक होते ती त्या एका मात्रेत. त्रिताल सोळा मात्रांचा म्हणून सोळाचाच हिशेब धरला, तर शेवटचा घाव समेच्या एक मात्रा आधी पडतो. शेवटचा घाव म्हणजेच पुढची सम, म्हणून एक जास्त. आधी हाताने टाळी देत तोंडाने म्हणा, मग घुमटावर घ्या. तिहाईच्या वेळी शामेळवाल्याने (शामेळ म्हणजे घुमटाच्या जोडीचं तालवाद्य) ठेका सरळ ठेवायचा, हे आधी ठरवून घ्या. दोघांनी एकदम करामत केली तर समच उरत नाही.

नाद वेगळा काढायचा असेल, तर मडक्याच्या उघड्या, लहान तोंडावरचा तळहात एकाच बोलात तीन वेळा वेगवेगळा ठेवून बघा : पूर्ण झाकून, अर्धा, मोकळा. पावसाळी हवेत कातडं सैल पडून आवाज बसतो, तेव्हा वाजवण्याआधी ते शेकून घ्या. नवं मढवताना बकरीचंच कातडं मागा. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

प्रश्न : मोठ्या गायकांचं ऐकावं असं सगळे सांगतात. ऐकतोही. पण ऐकून नेमकं काय घ्यायचं?
(वाचक, कुडचडे)

उत्तर : तासाभराच्या मैफलीपासून सुरू करू नका. जुन्या तबकडीवरची तीन-साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रणं घ्या. केसरबाई केरकरांची भैरवी घ्या, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेली. त्या फोंड्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर तुमच्याच बाजूच्या कुर्डीच्या. दोघींनाही अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली, त्यामुळे एकाच शिकवणीतून दोन गळ्यांनी काय काय उचललं, हेही पडताळता येतं.

एकच मुद्रण पाच वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त समेवर टाळी द्या. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्य कोणत्या स्वरावर थांबलं ते लिहा. तिसऱ्यांदा श्वासाच्या जागा टिपा. चौथ्यांदा मुखड्याच्या किती मात्रा आधी तान संपते ते मोजा. पाचव्यांदा काहीच करू नका, नुसतं ऐका. मग एकच जागा निवडा, हुबेहूब गळ्यात उतरवा आणि तीच दुसऱ्या मात्रेवरून उचलून बघा. मूळ जागा बसण्याआधी बदल करू नका, नाहीतर ती अर्धवट नक्कल होते.

प्रश्न : नाट्यपदाची नक्कल करणं वाईट का?
(वाचक, म्हापसा)

उत्तर : मुळीच नाही. फक्त एकाच पदासाठी दोन गायकांची नक्कल करा. दोघं जिथे वेगळे होतात, तिथे तिसरी वाट तुमची.