चेतापेशी विभागत नाहीत, मग मेंदूत गाठ येते कुठून?

तुमचा प्रश्न असा: चेतापेशी विभागत नाहीत असं शिकलो, मग अमळनेरच्या मामांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कर्करोगाची गाठ, कशी झाली? डीएनएची नक्कल करणारी एन्झाइम त्या गाठीत वेगळी असतात का? मी जळगावात बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून हे उत्तर लिहिते.

ही गाठ बहुधा चेतापेशींची नसतेच. त्यांच्याभोवती ग्लिया नावाच्या आधारपेशी असतात. त्या आणि त्यांच्या पूर्वज पेशी विभागू शकतात, गाठ तिथून येते. चेतापेशींच्या वंशातला न्यूरोब्लास्टोमा मुख्यतः लहान मुलांना होतो, कारण तो अजून पक्व न झालेल्या पेशींतून वाढतो.

आता एन्झाइम. विभागणाऱ्या पेशीत हेलिकेज डीएनएचे पेड सोडवतं, अल्फा पॉलिमरेज सुरुवात करून देतं, डेल्टा आणि एप्सिलॉन नक्कल पुढे नेतात, लायगेज तुकडे सांधतं. चेतापेशी पक्व झाली की हा ताफा खूपच कमी होतो, पण दुरुस्ती करणारं बीटा पॉलिमरेज टिकून राहतं. हंगाम संपल्यावर आपल्याकडची जिनिंग थांबते, मेकॅनिक मात्र कामावर असतो, तसं. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेजचं तर मला फार नवल वाटतं: विभागणाऱ्या पेशीत त्याचा 2-अल्फा प्रकार, चेतापेशीत 2-बीटा!

गाठीत हाच नेहमीचा ताफा असतो. बिघडलेले असतात ते त्याला थांबवणारे ब्रेक. शिवाय बहुतेक ग्लायोब्लास्टोमात गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं टेलोमरेज पुन्हा सुरू झालेलं असतं, त्यामुळे पेशी विभागून थकत नाहीत.

मामांना टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचं औषध सुरू आहे म्हणता. ते डीएनएतल्या ग्वानिनला मिथाइल गट चिकटवतं. पेशी नक्कल करायला गेली की समोर चुकीचं अक्षर बसतं, दुरुस्ती पुन्हा पुन्हा फसते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. एमजीएमटी हे प्रथिन तो मिथाइल गट काढून टाकतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘एमजीएमटी मिथिलेटेड’ असेल तर ती चांगली बातमी: त्याचं जनुक बंद आहे, औषध जास्त लागू पडतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षं जगलेले सुमारे 10 टक्के होते, सोबत हे औषध घेणारे 26 टक्के.

नक्कल न करणारी चेतापेशी या माऱ्यातून बरीचशी वाचते. अस्थिमज्जेतल्या पेशी मात्र सतत विभागतात, म्हणून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. मुंबईची खेप लांबली तरी मामांची सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच अमळनेरात करून घ्या आणि रिपोर्ट त्यांना लगेच पाठवा. ताप आला तर तारखेची वाट पाहू नका.