हंगाम संपला की कुत्रा रस्त्यावर

प्रश्न : डॉक्टर, नोकरीमुळे आम्ही दोघं तीन वर्षांपासून स्पेनमध्ये, माद्रिदजवळ हेताफेला राहतो. फेब्रुवारीत तोलेदोहून परतताना एका पेट्रोल पंपामागे हाडं वर आलेला, लांबोडक्या तोंडाचा कुत्रा दिसला. दोन तास बसून पाव घातला, तेव्हा कुठे तो गाडीपाशी आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, हा गाल्गो, शिकारीचा कुत्रा. हंगाम संपला की असे टाकून देतात. हे खरं आहे का? त्याला आणून आज नऊ दिवस झाले. जिना चढत नाही, आमच्यासमोर खात नाही, ह्यांनी केर काढायला झाडू उचलला तरी जागीच लघवी करतो. मे महिन्यात सासू-सासरे कोल्हापूरहून येणार आहेत. आम्ही ठेवावा का त्याला?
— एक वाचक, हेताफे

उत्तर : आजी खरं बोलल्या. तुम्ही दोघं त्या पंपामागे दोन तास बसून राहिलात, त्यासाठी आधी तुमचे मनापासून आभार. भेदरलेला गाल्गो एकदा उधळला की माणसाच्या हाती लागत नाही.

२०१४ साली फेब्रुवारी ते एप्रिल मी दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ टाकलेल्या कुत्र्यांच्या एका निवाऱ्यात काम करत होते. तिथल्या लोकांना वर्षाचे महिने विचारावे लागत नाहीत. गाल्गो घेऊन सशामागे जायचा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. मग निवाऱ्याच्या फाटकाला बांधलेली कुत्री सापडायला लागतात, हमरस्त्याच्या कडेला, ऑलिव्हच्या बागांत, कोरड्या विहिरीत. १ फेब्रुवारी हा तिथले प्राणिप्रेमी गाल्गोचा दिवस म्हणून पाळतात, तो त्यामुळेच.

ही शिकार चालते कशी ते समजलं की पुढचं समजतं. माणसं शेतातून ओळीनं चालत जातात. ससा उठला की त्याला थोडं अंतर जाऊ देतात आणि दोन गाल्गो एकदम सोडतात. ह्या जोडीला कोयेरा म्हणतात. बंदूक नसते, सगळं कुत्र्यांच्या पळण्यावर. गाल्गोनं सशाच्या मागोमाग, त्यानं घेतलेलं प्रत्येक वळण घेत धावायचं असतं. पण दोन-तीन हंगाम पळालेला कुत्रा शहाणा होतो. ससा कुठे वळणार ते त्याला कळायला लागतं, आणि तो मधूनच आडवा जाऊन त्याला गाठतो. अशा कुत्र्याला तिथले शिकारी ‘सूसियो’ म्हणतात, म्हणजे घाणेरडा. मालकाला चारचौघांत खाली मान घालायला लावणारा. कुत्र्याच्या अंगी आलेली अक्कल हाच त्याचा दोष ठरतो, हे मला त्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त लागलं.

पुढचा हिशोब सरळ आहे. चांगला एक निघावा म्हणून पिल्लं भरपूर काढतात. जो हळू पळाला, ज्याचा पाय गेला, जो शहाणा झाला, त्याला ऑक्टोबरपर्यंत आठ-नऊ महिने बसून कोण खाऊ घालणार? नवं पिल्लू फुकटच मिळतं. सशांसाठी पाळलेल्या पोदेंकोंचंही, म्हणजे त्या उभ्या मोठ्या कानांच्या कुत्र्यांचं, तेच होतं, फक्त त्यांच्याबद्दल बोलतं कमी जण. झाडाला फास लावून मारलेले गाल्गोही तिथल्या गावांनी पाहिले आहेत. त्याबद्दल इथे इतकंच लिहिते.

आकड्यांवरून तिथे भांडण आहे. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था दर वर्षी ५० हजार गाल्गो टाकले जातात असं म्हणतात, शिकाऱ्यांच्या संघटनांना ते मान्य नाही. २०२२ साली स्पेनमधल्या निवाऱ्यांत कुत्री आणि मांजरं मिळून सुमारे २ लाख ८८ हजार जनावरं आली, आणि आणण्यामागच्या कारणांत शिकारीचा हंगाम संपणं हे कारण वर्षानुवर्षं नोंदलं जातं.

कायद्याचं सांगते, कारण तुम्हाला तो लागणार आहे. प्राणिकल्याणाचा ७/२०२३ हा मोठा कायदा २९ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्याच्या मसुद्यात शिकारी कुत्री होती. नंतर ग्रामीण भागातल्या मतांची ओढाताण झाली आणि ती वगळली गेली. सोफ्यावर झोपतो तो कुत्रा कायद्याच्या आत, सशामागे पळतो तो बाहेर. मला हे अजिबात पटलेलं नाही. एकाच कुत्रीच्या पोटची दोन पिल्लं असू शकतात ती. फौजदारी कायदा मात्र पाठीचा कणा असलेल्या सगळ्या जनावरांना लागू आहे, त्यामुळे जिवाला धोका होईल असा गाल्गो टाकून देणं तिथे गुन्हाच आहे.

म्हणून पहिलं काम : आजच्या आज जवळच्या पशुवैद्याकडे नेऊन मानेत चिप आहे का ते बघून घ्या. चिप असेल तर कागदोपत्री मालक कुणी दुसरा आहे, आणि कळवल्याशिवाय कुत्रा ठेवलात तर उद्या तोच तुमच्यावर उलटेल. गावातल्या पोलिसांना किंवा सेप्रोनाला, म्हणजे ग्वार्दिया सिव्हिल ह्या तिथल्या राष्ट्रीय पोलीस दलाच्या निसर्ग विभागाला, लेखी कळवा. कुठे, कधी, कसा सापडला, सोबत फोटो. चिप नसेल तर मानेच्या डाव्या बाजूचे केस बाजूला करून त्वचा नीट पाहा. आमच्याकडे एक फिकट बदामी रंगाची कुत्री आली होती. तिच्या मानेवर रुपयाच्या नाण्याएवढा व्रण होता, कडा वेड्यावाकड्या, खपली अजून ओली. चिप चाकूनं उकरून काढली होती. मी मलम लावत होते तेव्हा ती हलली नाही, चावली नाही, फक्त तिच्या मागच्या मांड्या एकसारख्या थरथरत होत्या.

त्या कुत्रीबद्दल आणखी सांगते, म्हणजे तुमच्या नऊ दिवसांचा अर्थ लागेल. तिला आम्ही गादी दिली, तर ती गादीशेजारी कोपऱ्यात उभी राहायची. रात्री दोनला उठून पाहिलं तरी उभीच. झोप अनावर झाली की भिंतीला टेकायची आणि दचकून परत सरळ व्हायची. अकराव्या दिवशी पहाटे मी पाणी बदलायला गेले, तर तिचे पुढचे दोन पाय गादीवर होते, मागचे दोन फरशीवर. मी तशीच मागे फिरले. दुपारी ती अख्खी गादीवर होती, चारही पाय ताणून. ह्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी जन्म अंधाऱ्या खोपटात काढलेला असतो. जिना, काचेचं दार, टीव्ही, ताटलीतलं अन्न, काहीच माहीत नसतं. तुमचा गाल्गो हट्टी नाही. त्याला ह्या सगळ्याची ओळखच नाही.

तेव्हा घाई करू नका. खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. उपाशी देहाला एकदम पोटभर घातलं तर जिवावर बेतू शकतं. ताटली ठेवून खोलीबाहेर जा. जवळ बसाल तेव्हा पाठ करून बसा, डोळ्यांत बघू नका. अंगावर चरबी नसते, म्हणून खाली जाड गोधडी हवीच, नाहीतर कोपराला आणि कमरेच्या हाडांना जखमा होतात. थंडीत अंगावर काहीतरी घाला. साधा पट्टा नको. गाल्गोची मान डोक्यापेक्षा रुंद असते, पट्टा एका झटक्यात निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा आणि पोटामागून तिसरा बंद असलेला हार्नेस, दोन्ही एकदम वापरा. मोकळ्या मैदानात सोडायचं नाही, कितीही ओळखीचा झाला तरी. शेजाऱ्यांचं मांजर असेल तर त्याचीही काळजी घ्या.

रक्ताच्या तपासण्यांत लेशमॅनिया, एहर्लिशिया (गोचिडांमुळे होणारा आजार) आणि हृदयातला जंत ह्या तिन्ही सांगा. लेशमॅनिया वाळूमाशीमुळे पसरतो. आपल्याकडे बिहारमधला काळा आजार ऐकला असेल, त्याच कुळातला. भूमध्य समुद्राच्या भोवती कुत्र्यांत तो भरपूर आहे आणि महिनोन् महिने लपून राहतो, म्हणून आता अहवाल चांगला आला तरी सहा महिन्यांनी परत करा. कधी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हा गाल्गो आहे हे आवर्जून सांगा. थायोपेंटालसारख्या औषधातून ह्या जातीची कुत्री फार उशिरा बाहेर येतात.

सासू-सासऱ्यांची चिंता करू नका. कोल्हापूरकरांना मुधोळ हाउंड माहीत असतो, अंगकाठी पाहूनच त्यांना ओळख पटेल. गाल्गो भुंकत नाही म्हटलं तरी चालेल, आणि बहुतेक दिवस झोपून काढतो. एकच बघा, सासरे काठी घेऊन चालतात का? घेत असतील तर आजपासूनच घरात एक काठी आडवी टाकून ठेवा आणि तिच्याशेजारी रोज कोंबडीचा एक तुकडा. मेपर्यंत त्याची काठीशी ओळख झालेली असेल. झाडूचंही तसंच करा.

ठेवावा का, हे विचारलंत. ठेवा. नाही जमलं तर निवाऱ्यात द्या. तिथून कुत्री जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्समधल्या घरांत जातात, तेही चांगलं आहे. मी तिथे असताना खेड्यातला एक म्हातारा शिकारी आपली तीन कुत्री घेऊन आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, “ही आता पळत नाहीत आणि माझ्याकडे बारा जणांपुरता पाव नाही.” आमच्यातल्या एकीनं त्याला फार सुनावलं. मला ते आवडलं नाही. तो ती तिन्ही रस्त्यात सोडू शकला असता, त्याऐवजी वीस किलोमीटर घेऊन आला. म्हातारी कुत्री मरेपर्यंत सांभाळणारे शिकारीही मी तिथे पाहिले आहेत.

प्रश्न : आपल्याकडे गल्लोगल्ली भटकी कुत्री आहेत. मागच्या अंकात तुम्ही स्पेनच्या गाल्गोंचा उल्लेख केलात. तिकडच्या कुत्र्यांचं आपल्याला काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मला विचारणारी माणसं तिकडे राहतात, म्हणून मी तिकडचं लिहिते. आणि इकडचंही लिहिते, खालचं पत्र वाचा.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडे पाच वर्षांचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे. पोरं त्याला रानात सशावर घेऊन जायची. मागच्या महिन्यात धावताना चारीत पडला, पुढचा पाय मोडला. गावातल्या एकानं बांबूच्या कामट्या लावून बांधला, पण सूज आहे आणि पाय टेकत नाही. मुलगा म्हणतो, आता ह्याचा उपयोग नाही, पलीकडच्या शिवारात सोडून येऊ आणि पिल्लू आणू. मला जिवावर येतंय. काय करावं?
— एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, जिवावर येतंय ते बरोबरच आहे, सोडू नका. तुमचा कारवान आणि हेताफेच्या बाईंचा गाल्गो एकाच बांध्याचे, दोघंही डोळ्यांनी सावज धरून पळणारे. मोडला पाय तीन पायांवर ओढत पलीकडच्या शिवारात त्याला चार दिवस निघणार नाहीत. गावची कुत्री फाडतील किंवा पाण्यावाचून जाईल. उपासमार होईल असं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि पोरांना स्पष्ट सांगा, ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, कुत्र्याकडून मारवला तरी. रागावून नाही लिहीत. वनखात्याची केस झाली तर पोराचं पुढचं सगळं अडतं, म्हणून लिहिते.

कामट्या आजच सोडा. आवळून बांधल्यानं रक्त पोचत नाही आणि आतून सडायला लागतं. पंजा गार लागतोय का, बोटांमधून वास येतोय का ते बघा. तसं असेल तर एक दिवसही थांबू नका. तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे एक्स-रे काढून मिळेल. महिना झालाय, हाड वाकडं जुळायला लागलं असेल, कदाचित ऑपरेशन लागेल. भूल देण्याआधी हा कारवान आहे हे सांगायचं, ते वर लिहिलंय तेच कारण. पाय अगदीच वाचला नाही तरी तीन पायांवर कुत्रं चांगलं जगतं. सशामागे जाणार नाही, पण रात्री खोपीवर बसून रानडुकराची चाहूल तुमच्याआधी त्यालाच लागेल.

नेताना टेम्पोत खाली पोतं आणि त्यावर गोधडी घाला, मोडका पाय वरच्या बाजूला राहील असं निजवा. तोंडाला फडकं सैल बांधा, दुखलं की मालकालाही चावतात. मुलाला बरोबर न्या आणि दवाखान्यात डोकं त्यालाच धरायला लावा, कारण ते कुत्रं त्याच्याच हाकेवर पळत होतं. एक्स-रे निघाला की त्याचा फोटो ह्याच पत्त्यावर पाठवा, मी पाहून लगेच कळवते.