गाणारा नाही, वाजवणारा नाही, मग अल्बम कुणाचा?

भावा, संगीत निर्माता (प्रोड्यूसर) स्वतः गात नाही, वाजवत नाही, मग त्याचा पहिला सोलो अल्बम त्याचा कसा, ही तू विचारलेली शंका रास्त आहे. उत्तरादाखल एकच अल्बम ऐक: डीजे शॅडोचा 'एंडट्रोड्यूसिंग', १९९६.

कॅलिफोर्नियातला पोरगा. जुन्या रेकॉर्ड्सच्या ढिगात बसून कुणाचा पियानो, कुणाचा ड्रम उचलायचा आणि अकाई एमपीसी ६० या सॅम्पलरवर, म्हणजे आवाजाचे असे उचललेले तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर, जोडायचा. गोधडी शिवल्यासारखं काम! पण टाके दिसत नाहीत. दुसऱ्या ट्रॅकमध्ये पियानोचा तोच तुकडा फिरत राहतो, मागे कोरसचे आवाज, आणि ड्रम आत आला की अंगावर काटा येतो. आपल्या कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून विकत घेतलेल्या भंगारातून कुणी बुलेट उभी करावी, तसलं प्रकरण.

समीक्षकांनी, आधी ब्रिटनमधल्यांनी, डोक्यावरच घेतला. तिथल्या अल्बम-विक्रीच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत मात्र पाय रोवायला वेळ लागला. पुढे गिनीज बुकात पूर्णपणे सॅम्पलवर बनलेला पहिला अल्बम म्हणून नोंद झाली, आणि २००६ मध्ये 'टाइम'च्या सर्वोत्तम १०० अल्बमांतही आला. माझ्या मते उत्तरार्ध जरा रेंगाळतो, पण ते चालतंय की.

एक सांगतो, रंकाळ्यावर भेळ खात मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नकोस. मी तसाच ऐकला आणि "ह्यात काय हाय?" म्हणून बंद केला. राजारामपुरीत मित्राच्या खोलीत रात्री हेडफोन लावल्यावर कळलं.