नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात नेमकं काय चालतं? नवख्याने जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला नुकतेच राहायला आला आहात, आजोबांच्या ट्रंकेतल्या बिस्किटाच्या डब्यात शंभरेक जुनी नाणी सापडली आहेत, इथे नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ असतं असं कानावर आलंय. तिथे काय करतात, ही मंडळं कधीपासूनची, आणि यातलं ओ की ठो कळत नसताना जावं का?

जा. मात्र जाण्याआधी नाणी धुऊ नका.

हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण मी धुतली होती. वीसेक वर्षांपूर्वी पहिल्यांदा मंडळात गेलो तेव्हा माझ्याकडे अकरा शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, होत्या. आदल्या रात्री चिंच आणि राख लावून त्या इतक्या घासल्या की देव्हाऱ्यातल्या तांब्यासारख्या चकाकायला लागल्या. मंडळात एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. त्यांनी एक शिवराई उचलली, ट्यूबलाइटखाली दोन वेळा फिरवली आणि खाली ठेवत म्हणाले, "आतून कल्हई करायची राहिली वाटतं." सगळे हसले. मी पण हसलो, दुसरं करणार काय!

चहा आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. तांब्यावर शेकडो वर्षांत जो काळपट तपकिरी थर बसतो तो मळ नसतो. संग्राहक त्याला पॅटिना म्हणतात, आणि नाणं जुनं असल्याची ती एक खूण असते. घासलं की ती गेलीच, शिवाय झिजलेल्या अक्षरांची उरलीसुरली धारही जाते. नाण्याची किंमत निम्म्याहून खाली येते ती वेगळीच. हिरवा कळंक नाणं खात असेल तर त्याचा उपाय वेगळा आहे, तो करणाराही मंडळात भेटेल. चिंच मात्र आमटीतच बरी.

त्या दिवशी दुसराही एक समज मोडला. मला वाटायचं, शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातलीच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडेने ठिपक्यांचं वर्तुळ; नाव समोर कोरलेलं असताना शंका कशाला घ्यायची? गुरुजींनी अकरांतल्या बहुतेक बाजूला काढल्या. त्यांच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा होत्या. ही दुदांडी शिवराई, नंतरच्या पेशवाईतली. महाराजांनंतर त्यांच्याच नावाने शिवराई पाडली जात राहिली, आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात बरीच वर्षं चालली. पाडणारे कारागीर काही पंडित नव्हते, त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव' असंही सापडतं. आमच्या मंडळात एकजण फक्त या चुका जमवतो. घरचे त्याला वेडा म्हणतात, आम्ही त्याला शुद्धलेखन खातं म्हणतो.

मंडळात खरं काम चालतं ते हे. लोकांना वाटतं तिथे बसून माणसं आपापली नाणी दाखवून मिरवतात. तेही होतं, नाही कशाला म्हणू! पण महिन्याच्या बैठकीतला सगळ्यात रंगणारा वेळ ओळखपरेडचा असतो. कुणीतरी न समजलेलं नाणं टेबलावर ठेवतो आणि ते हातोहात फिरतं. नाणं कडेने धरायचं, दोन बोटांत, खाली कापड पसरलेलं. पृष्ठभागाला बोट लावलंत तर शेजारचा काका हळूच मनगट धरतो. एकजण काट्यावर वजन घेतो, एकजण भिंगातून कड बघतो, तिसरा फोनवर कॅटलॉग उघडतो. चौथा काहीच न बघता "हे माळव्याचं" म्हणून मोकळा होतो, आणि तो बरोबर निघाला की सगळ्यांना राग येतो.

तुमच्या डब्यात 'उर्दूसारखं काहीतरी लिहिलेले' जाडजूड चांदीचे रुपये आहेत असं लिहिलंय. ती भाषा फारसी. आणि बहुधा ते रुपये मोगलांचे नसून मराठ्यांचे निघतील. नवीन माणूस इथे हमखास चक्रावतो. पेशव्यांच्या टांकसाळींनी रुपया पाडला तो दिल्लीच्या बादशहाच्या, बहुतेक वेळा शाह आलमच्या नावाने. कारण बाजारात सराफ ओळखीचा शिक्का बघून रुपया घ्यायचे, राज्य कुणाचं यापेक्षा चांदी किती याची त्यांना चिंता. मग मराठी रुपया ओळखायचा कसा? बारीक खुणांवरून. पुण्याच्या रुपयावर अंकुश असतो, म्हणून तो अंकुशी रुपया. आपल्या नाशिकच्या टांकसाळीचं नाव नाण्यावर 'गुलशनाबाद' असं येतं आणि त्यावर जरीपटक्याची, म्हणजे मराठ्यांच्या झेंड्याची, खूण असते. होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. तुमचे आजोबा या भागातले असतील तर डब्यात आधी हा जरीपटका शोधा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मिळतो. अर्धा जरीपटका दिसला तरी नशीब समजा.

आता इतिहास. भारतातली नाण्यांची सगळ्यात जुनी मोठी संस्था म्हणजे न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया, १९१० साली अलाहाबादेत सुरू झाली. सुरू करणारे बहुतेक इंग्रज अधिकारी, पण त्यांच्यात मुंबईचे फ्रामजी ठाणावाला हे पारशी संग्राहकही होते. आज ती संस्था बनारस हिंदू विद्यापीठात आहे. तो सगळा अभ्यासकांचा कारभार. गावोगावची मंडळं ही त्याच्या फार नंतरची आणि फार साधी गोष्ट. आमचं मंडळ एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, रविवारी शटर अर्धं खाली ओढून सुरू झालं. चार माणसं होती: दुकानदार स्वतः, गुरुजी, एक बँकेतले कॅशियर आणि एक तांबट. कॅशियर कशासाठी ते कळलंच असेल, रोज हातातून इतकी चिल्लर जायची. तांबटाचं कारण जास्त महत्त्वाचं. मोडीत आलेल्या तांब्याच्या भांड्यांबरोबर शिवराया आणि ढब्बू पैसे किलोवर यायचे आणि भट्टीत जायचे. हा गृहस्थ ते आधी निवडून बाजूला काढायचा. किती वितळली असतील त्याच्या आधी, कोण जाणे.

पुढे दुकान पुरेना, मग एका शाळेचा वर्ग मिळाला. वर्गणी चहा-बिस्किटांपुरती. लहान बाकांवर गुडघे दुमडून बसलेले साठी उलटलेले लोक आणि फळ्यावर राहून गेलेला नववीचा बीजगणिताचा पाठ, हे आमच्या बैठकीचं कायमचं चित्र.

एक गोष्ट नाशिककर असण्याची. १९०६ साली इथून जवळच जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात वंशातल्या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. शत्रूला हरवलं, त्याचा खजिना घेतला आणि नाणी वितळवत बसण्याऐवजी वरून शिक्का मारून चालवली. अशा नाण्यावर नीट पाहिलं तर डोंगराच्या रेघांखालून नहपानाचं नाक किंवा कान डोकावतो.

आम्ही वर्षातून एकदा पांडवलेण्यांवर जातो. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात त्याने खखरात (म्हणजे नहपानाचा क्षहरात) वंश निःशेष केला असं कोरलंय. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो मला जास्त आवडतो, कारण त्यात हिशेब आहे. भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचं नाही, व्याजच वापरायचं. त्याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा भावही सांगितलाय. म्हणजे मुदत ठेव, व्याजदर आणि विनिमय दर, सगळं एका भिंतीवर. आमचे कॅशियर काका पहिल्यांदा हे वाचून म्हणाले, "पावती मात्र दगडाची दिलीय, हरवायची भीती नाही."

तुम्ही चारचाकी काढणार असाल तर त्र्यंबक रस्त्यावरची अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्थाही बघा. १९८० साली सुरू झाली, पहिले संचालक डॉ. परमेश्वरीलाल गुप्त. तिथलं संग्रहालय पाहिल्यावर आपला डबा किती छोटा आहे ते कळतं आणि गंमत म्हणजे वाईट वाटत नाही.

वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं. बाहेरगावचे व्यापारी टेबलं लावतात, सभासदांच्या फ्रेम्स असतात, शाळेची मुलं येतात. आणि येतात वैष्णोदेवीवाले. म्हणजे २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं मुठीत घट्ट धरून, "याचे लाखो मिळतात ना?" विचारणारे. नाही मिळत. ते नाणं ढिगाने निघालंय. फोनवर कुणीतरी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून लाखांची किंमत देतो आणि आधी 'फी' भरायला लावतो, ती निव्वळ लूट आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि आपण असली कसली फी घेत नाही. तीच कथा राम दरबाराची नाहीतर हनुमानाची छाप असलेल्या 'ईस्ट इंडिया कंपनीच्या' नाण्यांची. कंपनीने असली नाणी कधी काढलीच नाहीत. ती तांदूळ ओढतात म्हणून विकणारेही आहेत. आमच्या मदतकक्षावर बसणाऱ्याने एकदा बैठकीच्या टेबलावर ताटलीत तांदूळ ठेवूनच दाखवलं. तांदूळ जागचा हलला नाही, नाणं आणणारा तेवढा हलला.

फसायला मात्र नवखाच लागतो असं नाही. मंडळात सात-आठ वर्षं काढल्यावर मी एका प्रदर्शनात १९३९ चा जॉर्ज सहावाचा रुपया घेतला. हा रुपया दुर्मीळ. पुढच्या वर्षापासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे जुन्या कसाचा हा शेवटचा. वजन बरोबर, ११.६६ ग्रॅम. चांदी बरोबर, आवाज खणखणीत. घरी येऊन आनंदाने झोपलो. बैठकीत गुरुजींनी भिंग सरकवलं आणि म्हणाले, "नऊच्या पोटाखाली बघ." आठातली खालची डावी बाजू कुणीतरी खरवडून काढली होती. भोवतीच्या चांदीवर केसाएवढे ओरखडे, सगळे एकाच दिशेचे. म्हणजे साधा १९३८ चा रुपया. तो अजून माझ्याकडे आहे. नवीन सभासद आला की मी तोच पहिला त्याच्या हातात देतो आणि काही बोलत नाही. दहातले आठजण "वा!" म्हणतात.

यासाठीच मंडळ लागतं. पुस्तकात वजन, व्यास, साल सगळं मिळतं. खोटं नाणं हातात घेऊन बघायला मात्र आधी फसलेला माणूस समोर असावा लागतो, आणि त्याने लाज न बाळगता ते दाखवावं लागतं.

तुमच्या डब्याबद्दल: मधे भोक असलेले पैसे १९४३ ते १९४७ मधले असतील, भरपूर मिळतात, किंमत थोडी, पण पोरांना फार आवडतात. 'नये पैसे' लिहिलेली नाणी १९५७ च्या दशमान पद्धतीनंतरची. त्यांच्या सालाखाली भिंगाने बघा, पत्त्यांतल्यासारखी साधी चौकट असेल तर मुंबई टांकसाळ, दुभंगलेली किंवा मधे ठिपका असलेली चौकट नाहीतर चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. सगळी नाणी एकमेकांवर आपटत ठेवू नका, कागदाच्या छोट्या पाकिटांत एकेक घाला. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्या काही वर्षांत चिकट होऊन धातू खराब करतात. पाकिटावर आजोबांचं गाव आणि ते नाणं कुठून आलं असं घरात कुणी सांगत असेल तर तेही लिहा, आजी असतील तर आजच विचारा. आणि शेतात किंवा घराच्या पायात काही निघालं असेल तर तो वेगळा मामला. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. शंभर वर्षांवरची नाणी परदेशातल्या भावाला पाठवायचा विचारही करू नका, तेही कायद्यात बसत नाही.

पहिल्याच दिवशी कुणी "मला द्या, चांगला भाव देतो" म्हणालं तर हसून डबा बंद करा. आमच्याकडे नवीन सभासदाकडून पहिले सहा महिने कुणी काही विकत घ्यायचं नाही असा नियम आहे, लेखी नाही, पण पाळला जातो. घड्याळवाल्या काकांनी घालून दिलेला. जिथे जाल तिथे असा नियम आहे का, एवढं विचारा.