शेक्सपिअर नशीब मानायचा का? देव आणि दयेबद्दल त्याचं म्हणणं काय?

‘खोडकर पोरांना माश्या, तशी देवांना माणसं, गंमत म्हणून मारतात.’ हे वाक्य शेक्सपिअरचं मत म्हणून सगळीकडे फिरतं. ते ‘किंग लिअर’मधल्या ग्लॉस्टरचं आहे, तेही डोळे काढल्यानंतरचं. हाच म्हातारा पुढे त्याच देवांना दयाळू म्हणून हात जोडतो. आणि खोट्या पत्रावर विश्वास ठेवून चांगल्या मुलाच्या जिवावर उठला कोण? हाच. यात नशीब कुठून आलं?

मला हे झोंबतं, कारण आमच्या घरी हा वाद तीस वर्षं चालू आहे. नववीत स्नेहसंमेलनात मी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया होते, वकिलाच्या वेषात सावकार शायलॉककडे दया मागणारी. वकिलाचा झगा म्हणून दादाचा काळा रेनकोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दयेच्या भाषणाला टाळ्या पडल्या. बाबा दुसऱ्या रांगेत होते. त्याच वर्षी ते मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते, अगदी त्याच नाटकातल्या, मित्रासाठी शायलॉकच्या कर्जात अडकणाऱ्या अँटोनिओसारखे. मित्र गाव सोडून गेला, हप्ते बाबांच्या पगारातून, आईच्या पाटल्याही त्यातच गेल्या. दादा आजही म्हणतो, ‘नशिबात होतं.’ अरे, सही बाबांची, न वाचता केलेली! ‘ज्युलियस सीझर’मध्ये कॅशिअस ब्रूटसला तेच सांगतो, दोष ग्रहांचा नाही, आपला आहे.

बारा वर्षांनी तो मित्र दारात उभा. बाबांनी चहा टाकायला सांगितला, पैशाचं नावही काढलं नाही. मी आत कप विसळत राहिले. पोर्शियाचं एक वाक्य आठवेना.

दयेचं म्हणाल तर शाळेत आमचा प्रवेश अर्धा कापला होता. पुढे शायलॉकवर डाव उलटतो, तेव्हा अँटोनिओ त्याला ख्रिस्ती व्हायची अट घालतो आणि तिथे हीच दया म्हणून खपते. हे मला कॉलेजात कळलं.

देवाबद्दल एवढंच, की 1606च्या कायद्याने रंगभूमीवर देवाचं नाव टिंगलीत घेतलं तर 10 पौंड दंड होता. त्यामुळे संवादांतले ‘देव’ मोजून शेक्सपिअरची श्रद्धा ठरवू नका.

हां, ग्रहताऱ्यांना हसणारा एडमंड, ग्लॉस्टरला ते खोटं पत्र दाखवणारा त्याचा दुसरा मुलगा, खलनायक आहे आणि कॅशिअस त्या क्षणी ब्रूटसला सीझरविरुद्धच्या कटात ओढतोय, हे खरं. हॅम्लेट तर चिमणी पडते तीही दैवी योजनेने, असं म्हणतो. दादा हे तिन्ही दाखले माझ्या तोंडावर फेकतो. ते त्याला मीच वाचून दाखवले होते.

पण दादा, वाचत असशील तर, त्या जामीनपत्राची झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे.